एका कृमीचे लक्षण

'कृमी' हा शब्द वाचताच वाचकभगिनींच्या कपाळी जी आठी पडेल, ती आम्ही येथे बसल्या बसल्या पाहू शकतो. आमच्या घरीही ती पडली होती. पोटातील जंत, भाजीतील अळ्या आणि जखमेतील किडे यांपलीकडे या शब्दाचा संसारी माणसाशी फारसा संबंध येत नाही, आणि जो येतो तो सुखाचा नसतो. तथापि गेल्या मार्गशीर्षात एका कृमीने आमच्या घरात, आणि त्याहून अधिक आमच्या मनात, जी उलथापालथ केली, ती सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. वडिलांपाशी लघुकौमुदी, रघुवंशाचे काही सर्ग आणि तर्कसंग्रह एवढे संस्कृत झाले, आणि त्या शिदोरीवर अडतीस वर्षे कोकणातील प्राथमिक शाळांतून मुले शिकविली. प्राणिशास्त्रातील आमचा अधिकार चौथीच्या पुस्तकापुरता. तेव्हा पुढील मजकुरात शास्त्र जे आहे ते आमच्या पुतणीचे, आणि चुका ज्या सांगितल्या आहेत त्या आमच्या, असे वाचकांनी समजावे.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात एका खाडीच्या मुखाशी आहे. धाकट्या बंधूंची ही कन्या विद्यापीठात समुद्रातील प्राण्यांवर संशोधन करते. एरवी चार दिवस येऊन जाणारी ही मुलगी या खेपेस तीन आठवड्यांच्या मुक्कामाची तयारी करून आली. बरोबर बाटल्या, भिंगे, चिमटे आणि एक जड पेटी. आल्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर तिने विचारले, "काका, पौर्णिमेला पूर्ण ओहोटी किती वाजता लागेल?" आम्ही बोटांवर हिशेब केला. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते, हे आमच्या किनाऱ्यावर पोरासोरांस ठाऊक असते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तेथून सहा तास मागे आले की पहाटेचे सव्वापाच. तिने मोबाइलमध्ये पाहून सांगितले, "पाच पस्तीस." वीस मिनिटांचा फरक आम्ही दोघांनीही एकमेकांस माफ केला, आणि पौर्णिमेस पहाटे तिच्यासोबत निघण्याचे ठरले.

उधाणाच्या ओहोटीस समुद्र इतका मागे जातो, की एरवी कधी न दिसणारी जमीन उघडी पडते. आमच्याकडे या खडकाळ पट्टीस खडप म्हणतात. काळा कातळ, वरून गडगडत आलेले जांभ्याचे धोंडे, त्यांवर वस्तऱ्यासारख्या धारेची कालवे, आणि मध्ये मध्ये गुडघाभर पाण्याची डबकी. मुलगी बॅटरीच्या उजेडात एकेक धोंडा अलगद उलटी, खालची बाजू न्याहाळी, आणि मग तो होता तसाच, त्याच अंगावर परत ठेवी. आम्ही कारण विचारले. ती म्हणाली, "काका, हे छप्पर आहे. खाली राहणाऱ्यांना ऊन सोसत नाही, आणि वर राहणाऱ्यांना काळोख. आपण पाहुणे आहोत, जाताना दार लावून जायचं." पाहुण्याचा हा धर्म आम्हांस आवडला. उजाडता उजाडता एका धोंड्याच्या पोटाशी तिला हवे होते ते सापडले. तिने आम्हांस हाक मारली, आणि आम्ही वाकून पाहिले.

प्रथम काहीच दिसले नाही. मग दगडाचाच एक ओला तुकडा सरकू लागला. अंगठ्याहून थोडा मोठा, पिंपळाच्या कोवळ्या पानासारखा पातळ, पिवळसर करडा, वर तपकिरी ठिपक्यांचा शिडकाव आणि भोवती फिकट किनार. पाय नाहीत, कल्ले नाहीत, खवले नाहीत. दगडाच्या खाचेत शिरताना तो खाचेच्या आकाराचा होई आणि उंचवट्यावर चढताना उंचवट्याचा. चालतो म्हणावे तर चाल दिसेना. उतारावरून पाण्याचा ओघळ जावा तसा तो गेला.

"पॉलिक्लॅड," मुलगी म्हणाली. "समुद्रातले चपटे कृमी. पोटातल्या जंतांचे दूरचे भाऊबंद, पण हे कोणाच्या पोटात राहत नाहीत. स्वतंत्र राहतात, स्वतः शिकार करतात."

मग डबक्याच्या काठी बसून तिने जे सांगितले, ते थोडक्यात असे. या प्राण्यास रक्त नाही, हृदय नाही, फुप्फुस नाही, कल्ला नाही. प्राणवायू कातडीतून थेट आत झिरपतो, आणि तो सर्व अंगास पोहोचावा म्हणूनच शरीर इतके पातळ राहिले आहे. रक्तच नसल्यामुळे अन्न पोहोचविण्याचे कामही आतड्यासच करावे लागते. म्हणून आतड्यास झाडासारख्या असंख्य फांद्या फुटून त्या कडेपर्यंत जातात. 'पॉलिक्लॅड' या ग्रीक शब्दाचा अर्थच बहुशाख. तोंड पोटाच्या बाजूस असते, आणि भक्ष्य सापडले म्हणजे त्यातून झालरीसारखा घसा बाहेर पडून त्यास वेढतो. खालच्या अंगास डोळ्यांस न दिसणारे असंख्य केस असतात. त्यांच्या वल्ह्यांवर हे पान सरकते. डोळे दोन नव्हेत, अनेक. मेंदूपाशी त्यांचे पुंजके असतात, पुढल्या दोन मऊ कोंबांवर असतात, आणि काहींच्या तर सबंध कडेने ठिपक्यांच्या ओळी असतात. त्या डोळ्यांस आपल्यासारखे चित्र दिसत नाही, उजेड कोठून येतो एवढेच कळते. प्रत्येक प्राणी नरही असतो आणि मादीही. अर्धनारीश्वराची मूर्ती आम्ही देवळात पाहिली होती, ती दगडाखालीही नांदते हे त्या पहाटे कळले. काही जाती कालवांवर जगतात. शिंपल्याच्या फटीतून हे पान आत शिरते आणि मांस संपवूनच बाहेर येते.

हे शेवटचे वाक्य ऐकले, आणि आमचा हात बॅटरीसह खाली आला.

आता थोडे मागे जावे लागेल. १९८४ साली आम्ही याच किनाऱ्यावरील एका शाळेत चौथीच्या वर्गावर होतो. प्राण्यांचा पाठ चालला होता. पाय नसलेले प्राणी कोणते, असे विचारता मुलांनी साप, मासा, गांडूळ अशी पुस्तकातील उत्तरे दिली. मागल्या बाकावरील एक खारव्याचा मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, कालवांच्या दगडाखाली एक किडा असतो. पानासारखा. त्याला पाय नाय, तरी चालतो. पाण्यावानी." वर्ग हसला. आम्ही पुस्तक त्याच्यापुढे धरले आणि म्हणालो, "दाखव, कोठे लिहिले आहे?" त्याने पान उलटले नाही. "मी बघितलाय," इतकेच म्हणाला. थापा मारतोस, म्हणून आम्ही त्याच्या हातावर दोन छड्या ओढल्या.

येथवरची गोष्ट त्या काळच्या कोणत्याही शाळेत घडती. पुढली मात्र आमची स्वतःची आहे. चार-पाच दिवसांनी तो मुलगा नारळाच्या करवंटीत समुद्राचे पाणी घेऊन, ते सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून, शाळेत आला. वाटेत दीड मैलाचे अंतर आणि वर फाल्गुनातील ऊन. त्याने करवंटी आमच्या टेबलावर ठेविली. आम्ही आत पाहिले. गढूळ पाणी आणि तळाशी शेंबडासारखा एक चिकट गोळा. "होता, गुरुजी," तो म्हणाला. "घरून निघालो तेव्हा होता." वर्ग पुन्हा हसला, आणि या खेपेस आम्हीही हसलो. छडीपेक्षा ते हसणे अधिक लागले असावे, कारण त्याने करवंटी उचलली, बाहेर जाऊन रिकामी केली, आणि वर्षाअखेरपर्यंत एकाही प्रश्नास हात वर केला नाही. पाचवीस तो शाळेत आला नाही. बापाच्या होडीवर गेला.

ही हकीकत आम्ही पुतणीस त्या डबक्याकाठीच सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "काका, तो खरंच बोलत होता. हे प्राणी असेच विरतात. दुखावले, पाणी तापलं, की अंगातून चिकट द्रव सोडतात आणि बघता बघता त्यांचा चिखल होतो. मोठ्या मोठ्या शास्त्रज्ञांच्या बाटल्यांत तेच झालंय. करवंटीत दीड मैल नेला, तो टिकणं शक्यच नव्हतं." प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण, असे तर्कसंग्रहाच्या आधारे आम्ही आयुष्यभर सांगत आलो. त्या दिवशी वर्गात प्रत्यक्ष प्रमाण एकट्या त्या मुलापाशी होते. आमच्यापाशी पुस्तक होते, आणि पुस्तकात नाही म्हणजे जगात नाही, असे आम्ही धरून चाललो. न दिसणे आणि नसणे यांतील भेद ज्याने शिकवावयाचा, त्यानेच तो विसरावा, यापरते दुसरे अज्ञान कोणते?

असो. त्या पौर्णिमेस आम्हांस दोन कृमी मिळाले. घरी आणून भिंगाखाली पाहताच मुलीची मुद्रा बदलली. कडेच्या डोळ्यांची मांडणी तिच्या परिचयाच्या कोणत्याही जातीशी जुळेना. "काका, ही कदाचित अजून कोणी न वर्णिलेली जात असेल," ती म्हणाली, आणि लागलीच सावरून, "कदाचित," असे पुन्हा म्हणाली. आमच्या कानांनी पहिले वाक्य ऐकले, दुसरे सोडले. रात्रीतून आम्ही नाव तयार केले. प्राण्यांची शास्त्रीय नावे लॅटिन धर्तीची, दोन पदांची असतात. पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. लिनीअसच्या ग्रंथाची १७५८ सालची दहावी आवृत्ती हा या नामकरणाचा आरंभ मानतात. एखाद्या पुरुषाच्या स्मरणार्थ नाव द्यावयाचे तर त्यापुढे षष्ठीचा 'इ' लागतो, स्त्रीच्या स्मरणार्थ 'ए', आणि विशेषण योजिले तर ते प्रजातीच्या लिंगाप्रमाणे चालते. विशेषणाने विशेष्याच्या मागून जावयाचे, हा नियम आमच्या ओळखीचा निघाल्यामुळे आम्हांस अधिकच हुरूप आला. संस्कृत शब्दही चालतात. २००३ साली केरळातील पश्चिम घाटात जमिनीखाली राहणारा जो विलक्षण बेडूक वर्णिला गेला, त्याच्या 'नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस' या नावात आपली नासिका आणि आपला सह्याद्री दोन्ही आहेत. आम्ही आमच्या कैलासवासी वडिलांचे नाव षष्ठीत चालवून सकाळी चहाबरोबर पुतणीपुढे ठेविले.

सौभाग्यवती पोह्यांना फोडणी देत होती. तेथूनच म्हणाली, "बाजारात तुरी..." म्हणीचा उत्तरार्ध घरातील सर्वांस ठाऊक असल्यामुळे तो बोलण्याची गरज पडली नाही.

मुलगी मात्र हसली नाही. तिने आम्हांस समोर बसविले आणि एक नवी जात सिद्ध करावयास काय लागते ते समजाविले. ते ऐकताना आम्हांस आमची तर्कसंग्रहाची पोथी पुन्हा उघडल्यासारखे झाले. लक्षणाचे तीन दोष आपल्या शास्त्रकारांनी सांगितले आहेत. गाय म्हणजे काय, याचे उत्तर 'तांबूस रंगाची ती गाय' असे दिले तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात. ही अव्याप्ती. 'शिंगे असलेली ती गाय' म्हटले तर म्हैसही आत येते. ही अतिव्याप्ती. 'एकखुरी ती गाय' म्हटले तर एकही गाय सापडत नाही. हा असंभव. आम्ही हे सांगताच मुलगी टाळी वाजवून म्हणाली, "काका, आमचं सगळं शास्त्र एवढंच आहे." दोनच नमुने पाहून 'पिवळसर करडा' असे लक्षण केले, आणि पुढे अन्नाप्रमाणे वा वयाप्रमाणे त्याच जातीचा काळसर प्राणी निघाला, तर अव्याप्ती. 'कडेने डोळे' एवढेच म्हटले तर अनेक जाती त्यात मावतात, म्हणून अतिव्याप्ती. आणि बाटलीत टाकताना प्राणी आक्रसून अंगावर जी सुरकुती आली, तिलाच अवयव समजून वर्णिले, तर असा प्राणी समुद्रात कोठेच नसावयाचा. तो असंभव. हे तिन्ही दोष या प्राण्यांच्या इतिहासात प्रत्यक्ष घडले आहेत.

या शास्त्राचा पाया आर्नोल्ड लँग या विद्वानाने इटलीतील नेपल्स येथे घातला. त्याचा प्रचंड ग्रंथ १८८४ सालचा. आपल्या बाजूच्या समुद्रांचे वर्णन त्याहून थोडे आधी सुरू झाले. लंकेतील त्रिंकोमाली येथे डॉक्टर केलार्ट यांनी जमविलेले प्राणी आणि स्वतः पूर्वेकडील समुद्रांत जमविलेले प्राणी, मिळून एकतीस जाती कॉलिंगवुड यांनी १८७६ साली प्रसिद्ध केल्या. पुढे १८९९-१९०० साली गार्डिनर यांची सफर मालदीव व लक्षद्वीप बेटांवर गेली, तिच्यातील चपट्या कृमींचे वर्णन लेडलॉ यांनी १९०२ साली केले. आता अडचण अशी, की जुन्यांपैकी कोणी रंग टिपले आणि आतील रचना सोडली, तर कोणी आतील रचना पाहिली, पण बाटलीतील मद्यार्काने रंग आधीच धुऊन नेले होते. एकाच प्राण्यास दोन नावे मिळणे आणि एकाच नावाखाली दोन प्राणी जाणे, दोन्ही सहज घडे. आजवर वर्णिलेल्या पॉलिक्लॅडांच्या जाती हजाराच्या आसपास आहेत. आपला प्राणी नवा म्हणावयाचा तर त्यांपैकी जवळच्या प्रत्येकाशी त्याचा मेळ बसत नाही, हे दाखवावे लागते.

आणि ते दाखवावयास केवळ बाहेरचे रूप पुरत नाही. खरी ओळख जननेंद्रियांच्या रचनेवर ठरते. हे सांगताना मुलीस संकोच वाटला नाही, संकोच आमचा आम्हांसच वाटला, आणि थोड्या वेळाने त्याचीही लाज वाटली. शुक्राची पिशवी कोठे, पुरस्थ ग्रंथी सुटी की जोडलेली, स्त्रीमार्गाच्या टोकाशी लँगच्याच नावाने ओळखली जाणारी थैली आहे की नाही, हे सर्व पाहावयाचे तर प्राणी प्रौढ हवा. आमच्या दोन नमुन्यांपैकी एक अगदी कोवळा निघाला. म्हणजे साक्षीस उभा राहावयास एकच उरला.

येथे घरात दुसरा पेच उभा राहिला. प्राणी विरू नये आणि आक्रसूही नये, म्हणून त्यास गोठविलेल्या फॉर्मालिनवर निजवावे लागते. कृमी ओल्या कागदावर सरकत असतानाच तो कागद त्या बर्फावर ठेवावयाचा. म्हणजे तो आहे त्या आकारात, आहे त्या रंगात स्थिर होतो. ऑस्ट्रेलियातील न्यूमन व कॅनन या दोघांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ही युक्ती रूढ केली. परंतु फॉर्मालिन हे विष, आणि घरातील शीतकपाटात दही, नारळाचा चव आणि नैवेद्याचे पेढे. मुलीने आपण होऊनच त्यास हात लावला नाही. पडवीत मोडीत काढण्यासाठी ठेविलेले जुने कपाट तिने धुऊन चालू केले, त्यावर लाल अक्षरांत 'विष' असे लिहिले, आणि किल्ली आपल्या गळ्यात घातली. सौभाग्यवतीने हे सर्व पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "मारावं लागतं का गं त्याला?"

"हो, काकू," मुलगी म्हणाली. तिने सबब सांगितली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणूनच लागतील तेवढेच घ्यायचे, आणि घेतलेल्यातलं काही वाया घालवायचं नाही. एकाचं नीट वर्णन झालं, तर हा खडप कोणाचं घर आहे ते कागदावर येतं. ज्याला नावच नाही, त्याचं घर मोडलं तरी तक्रार कोण करणार?" सौभाग्यवती काही बोलली नाही. पण त्या दुपारी मुलगी पडवीत काम करीत असता, तिने तेथे कोणासही फिरकू दिले नाही.

आणखी प्रौढ नमुने हवे होते, आणि मुलीच्या सुट्टीचे दहा दिवस उरले होते. ते कोठे मिळतील हे सांगणारा मनुष्य गावात एकच असावा, हे आम्हांस पहिल्या पहाटेपासून कळत होते. कळूनही आम्ही तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पुतणीस घेऊन बंदरावर गेलो.

तो आता पन्नाशीचा, दोन होड्यांचा धनी आहे. मुलगी त्याची नर्सिंग शिकते. आम्हांस पाहून तो जाळे टाकून उठला आणि वाकून नमस्कार केला. आम्ही बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. उभ्यानेच करवंटीची हकीकत सांगितली, पुतणीने दाखविलेला कृमी सांगितला, आणि म्हणालो, "त्या दिवशी तू खरा होतास. आम्ही खोटे होतो. तुला मारले, आणि हसलो, त्याबद्दल क्षमा कर."

तो आमच्याकडे पाहत राहिला. मग हसून म्हणाला, "गुरुजी, तुमी काय एकदाच मारलंत? कुठलं कुठलं ध्यानात ठेवू?"

चाळीस वर्षे जी गोष्ट त्याच्या मनात खुपत असेल असे आम्ही समजत होतो, ती त्यास आठवतही नव्हती. आणि जी त्यास आठवत होती, ती एक गोष्ट नव्हतीच. ती आमची रोजची रीत होती. क्षमेची तयारी करून आलेल्या माणसास याहून कठोर उत्तर मिळाले नसते, आणि ते त्याने कठोरपणे दिले नव्हते. शाळा का सोडलीस, हे विचारण्याचा आम्हांस धीर झाला नाही. त्यानेच सांगितले, "बापाचा हात मोडला होता त्या पावसात. होडीवर माणूस नव्हता." आम्ही आपणांस वाटत होतो तितके मोठे कारण नव्हतो. हेही ऐकून घ्यावे लागले.

कृमीचे नाव निघताच मात्र त्याचा चेहरा उजळला. "तो होय? पानकिड्यावानी? आमी त्याला नाव नाय ठेवलं. खायला लागत नाय, त्याला नाव कशाला?" मग पुतणीस म्हणाला, "ताई, तुमी दगड बघत बसता. कालवं बघा. जे कालव उघडं पडलंय आणि आत मांस नाय, पण शिंपला अजून धुतल्यासारखा पांढरा आहे, त्याच्या आजूबाजूला असतो. जुना, शेवाळ धरलेला शिंपला बघू नका. तिथून तो गेला." मुलगी वही काढून लिहून घेऊ लागली. आम्हांस आठवले, त्याच्या वहीवर आम्ही अक्षरासाठी नेहमी लाल रेघ मारीत असू.

पुढल्या अमावास्येस तो स्वतः बरोबर आला. दोन पहाटेत सात प्रौढ कृमी मिळाले. आठवा दिसला तेव्हा मुलगी म्हणाली, "पुरे," आणि दगड जागेवर ठेविला. सातांपैकी दोन काळसर होते, एकाचे ठिपके जवळजवळ पुसलेले होते. दोनच नमुन्यांवरून लक्षण बांधले असते, तर अव्याप्ती झालीच असती.

मुलगी परत गेली. पुढील काम प्रयोगशाळेतले. प्रथम प्रत्येकाच्या कडेचा तीळभर तुकडा शुद्ध मद्यार्कात वेगळा ठेविलेला असतो. त्यातील आनुवंशिक द्रव्याची अक्षरे वाचून ती इतर जातींशी ताडून पाहतात. मग प्राणी मेणात बसवून त्याचे मिलिमीटरच्या सुमारे दीडशेव्या भागाइतके पातळ असे शेकडो काप काढावयाचे, निळ्या-जांभळ्या व गुलाबी रंगांत ते रंगवावयाचे, आणि एकेक काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, पाने क्रमाने लावून पोथी जुळवावी तशी आतील रचना मनात उभी करावयाची. एक काप उलटा लागला, तर अर्थ फिरतो. एक नमुना मूळ प्रमाण म्हणून निवडून संग्रहालयात ठेवावयाचा, की शंभर वर्षांनीही कोणास शंका आली तर त्याने जाऊन तोच प्राणी पाहावा. आमच्या पुस्तकांत असा दाखला कोठे असतो? 'दाखव, कोठे लिहिले आहे' असे आम्ही मुलास विचारले होते. हे शास्त्र लिहिणारासच विचारते, 'लिहिलेस, आता दाखव.'

गेल्या महिन्यात तिचा दूरध्वनी आला. रचना ज्ञात जातींहून निराळी दिसते, तथापि परदेशातील एका संग्रहालयात ठेविलेला एक जुना नमुना पाहिल्याखेरीज ती निश्चित काही म्हणणार नाही. त्यास महिने लागतील. प्राणी जुनाच निघाला तर, असे आम्ही विचारले. "तर तो इथेही राहतो, एवढं कळेल," ती म्हणाली. "तेही खरंच आहे ना, काका?"

नवा ठरल्यास नाव काय द्यावे, याचा विचार झाला आहे. आमच्या वडिलांचे नाव आम्हीच मागे घेतले. त्या गृहस्थाचे द्यावे असे आम्ही सुचविले, आणि मुलीने त्यास विचारले. "किड्याला माझं नाव? बंदरावर हसतील," म्हणून त्याने नाकारले. हसण्याची किंमत त्यास ठाऊक असल्यामुळे आम्ही आग्रह केला नाही. ठरलेले नाव खडपाशी संबंधित आहे. ते आम्हांस माहीत असूनही येथे लिहीत नाही, कारण लक्षण व प्रमाण-नमुना यांवाचून छापलेल्या नावास नामकरणाच्या संहितेत 'नग्न नाम' म्हणतात, आणि ते ग्राह्य धरीत नाहीत. वस्त्रावाचून बाळास चारचौघांत कोण आणील? निबंधाच्या अखेरीस जे आभार मानावयाचे, त्यांत मात्र त्याचे नाव राहील, त्यास त्याची संमती आहे.

वाचकांपैकी जे शिक्षक असतील, किंवा ज्यांच्या घरी लहान मुले असतील, त्यांस आमची एकच विनंती आहे. मूल जेव्हा पुस्तकात नसलेली गोष्ट सांगते, तेव्हा ते थाप मारीत असण्याचा संभव आहे, हे आम्ही अडतीस वर्षांच्या अनुभवाने कबूल करतो. पण छडी उचलण्यापूर्वी त्याच्याबरोबर किनाऱ्यापर्यंत चालत जावे. आमच्या शाळेपासून तो दीड मैल होता. त्या मुलाने तो करवंटी सांभाळीत पायी तोडला, आणि आम्हांस तो तोडावयास चाळीस वर्षे लागली.